रक्त उजेडात आणताना

रक्ताच्या कर्करोगावर उजेडाने उपचार करता येतील का, हा प्रश्न वरकरणी विचित्र वाटतो, कारण ल्युकेमिया जिथे उपजतो आणि वाढतो ती अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ ऊती, शरीरातील अत्यंत काळोख्या जागांपैकी एक आहे. तरीही १९८०च्या दशकापासून जगभरच्या प्रयोगशाळांत ल्युकेमियाच्या पेशींवर प्रकाशाने जागृत होणाऱ्या औषधांचे प्रयोग सातत्याने होत आले असून काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात त्यांचा निकाल बहुतेक वेळा उत्साहवर्धक येतो. पेशी मरतात, त्या कशा मरतात हेही दाखवता येते, आणि मग वर्तमानपत्रांत ‘प्रकाशकिरणांनी रक्ताचा कर्करोग बरा होणार’ अशा मथळ्याखाली चार ओळी छापून येतात. भांड्यातील पेशी मरणे आणि रुग्ण बरा होणे यांत जे अंतर राहते ते कशामुळे पडते आणि ते कुठे कुठे भरून काढता आले आहे, हे पाहिल्याशिवाय अशा मथळ्यांचे मोल ठरवता येत नाही.

हा प्रश्न ग्वाल्हेरसारख्या शहरातील वाचकालाही परका नाही. लष्कर भागाजवळच्या ज्या टेकडीवर मांढरे या मराठी घराण्याच्या नावाने ओळखले जाणारे देवीचे मंदिर आहे, तिथेच आज शहराचे कर्करोग रुग्णालय आणि संशोधन संस्था उभी आहे आणि ती टेकडी स्थानिक बोलीत ‘कॅन्सर पहाडिया’ झाली आहे. १९४६ साली सुरू झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याशी जोडलेले जयारोग्य रुग्णालय तिथून फार दूर नाही. भिंड, मुरैना, शिवपुरी, दतिया या भागांतून येणाऱ्या कुटुंबांना डॉक्टर ‘ब्लड कॅन्सर’ हा शब्द उच्चारतात तेव्हा शस्त्रक्रियेने काढून टाकावी अशी गाठच या आजारात नसते, ही गोष्ट समजावून सांगण्यातच बराच वेळ जातो. गाठ नसणे हीच प्रकाशोपचाराचीही मुख्य अडचण आहे.

फोटोडायनॅमिक उपचार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत तीन गोष्टी एकाच जागी आणि एकाच वेळी हजर असाव्या लागतात: प्रकाश शोषून घेणारे औषध, त्या औषधाला मानवणाऱ्या तरंगलांबीचा प्रकाश आणि पेशीत विरघळलेला ऑक्सिजन. औषध अंधारात जवळजवळ निरुपद्रवी असते आणि ज्या तीव्रतेचा प्रकाश वापरतात तो एकटा पेशीला इजा करत नाही. दोन्ही एकत्र आले तरी ऑक्सिजन नसेल तर परिणाम अगदीच क्षीण होतो. प्रकाश शोषून घेणाऱ्या अशा औषधाला प्रकाशसंवेदी द्रव्य म्हणतात.

या परिणामाचा शोध जर्मनीत म्यूनिक येथे लागला. हेरमान फॉन टापाइनर यांच्या प्रयोगशाळेत ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्याचा पॅरामेशियम या एकपेशीय जीवावर काय परिणाम होतो ते तपासत असताना, त्याच द्रावणात जीव कधी लवकर तर कधी उशिरा मरतात आणि हा फरक प्रयोगाच्या वेळी खोलीत किती उजेड होता त्यावरून पडतो, असे त्याच्या लक्षात आले. ते निरीक्षण १९०० साली प्रसिद्ध झाले. पुढे १९१२ साली फ्रीड्रिख मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने रक्ताच्या लाल रंगद्रव्यापासून मिळणारे हिमॅटोपॉर्फिरीन स्वतःच्याच शिरेत टोचून घेतले. उन्हात गेल्यावर त्याचा चेहरा आणि हात भयंकर सुजले आणि उन्हाची ही असह्यता कित्येक आठवडे गेली नाही. आजच्या कोणत्याही नीतिसमितीने या प्रयोगाला परवानगी दिली नसती, पण पॉर्फिरीन शरीरात बराच काळ रेंगाळते आणि त्वचेलाही उजेडाचे शत्रू बनवते, हा धडा वैद्यकाला त्यातूनच मिळाला. अमेरिकेत बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेत टॉमस डॉहर्टी यांनी १९७०च्या दशकात या द्रव्याच्या सुधारित रूपाने त्वचेवरील आणि त्वचेखालील गाठींवर उपचार केले. त्यातून घडलेले फोटोफ्रिन हे औषध १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या आणि १९९५ मध्ये अमेरिकेत अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी मान्य झाले. या सगळ्या जागांत एक साम्य आहे, ते म्हणजे तिथे दिवा किंवा प्रकाशवाहक तंतू नेता येतो.

भारतीय वाचकाला या कथेची एक समांतर शाखा अधिक जवळची वाटेल. कोड किंवा श्वित्र यावर बावचीचे बी पोटात किंवा लेपातून देऊन रुग्णाला उन्हात बसवण्याची पद्धत आयुर्वेदात जुनी आहे आणि बावचीतील सोरालेन हा क्रियाशील घटक भारतातच १९३३ मध्ये वेगळा काढण्यात आला. मात्र सोरालेन आणि पॉर्फिरीन यांची कामाची रीत वेगळी आहे. सोरालेनचा रेणू पेशीच्या डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये जाऊन बसतो आणि अतिनील ‘अ’ किरण पडताच दोन्ही धाग्यांशी रासायनिक बंध करून त्यांना एकमेकांत अडकवतो. त्यासाठी ऑक्सिजनची गरज नसते. म्हणून काटेकोर अर्थाने सोरालेनचा उपचार फोटोडायनॅमिक नव्हे. तरीही ल्युकेमियाच्या संदर्भात या शाखेचा विचार टाळता येत नाही, कारण प्रत्यक्ष रुग्णालयात पोहोचण्याच्या बाबतीत तीच पुढे निघून गेली.

पॉर्फिरीनसारख्या द्रव्याचा रेणू प्रकाशकण शोषतो तेव्हा त्यातील एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर चढतो. तो लगेच खाली आला तर ती ऊर्जा प्रतिदीप्तीच्या, म्हणजे वेगळ्या रंगाच्या मंद उजेडाच्या, रूपाने बाहेर पडते, आणि औषध कोणत्या पेशीत साठले आहे हे पाहण्यासाठी संशोधक याच उजेडाचा उपयोग करतात. काही रेणूंत मात्र त्या इलेक्ट्रॉनची फिरकी उलटते आणि रेणू ‘त्रिक’ अवस्थेत अडकतो. तिथून खाली उतरणे सोपे नसल्यामुळे ती ऊर्जा त्याच्याजवळ तुलनेने बराच वेळ राहते आणि तेवढ्यात जवळून जाणाऱ्या ऑक्सिजनच्या रेणूला ती देता येते. अशा रीतीने उद्दीपित झालेल्या ऑक्सिजनला सिंगलेट ऑक्सिजन म्हणतात. तो पेशीतील मेदाम्लांवर आणि प्रथिनांवर तुटून पडतो, पण स्वतः काही मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त टिकत नाही आणि तेवढ्या अवधीत तो मायक्रोमीटरच्या फार तर एक-दोन दशांशाइतकेच अंतर कापतो. ल्युकेमियाच्या पेशीचा व्यास दहा ते पंधरा मायक्रोमीटर असतो हे लक्षात घेतले तर औषध पेशीत नेमके कुठे जाऊन बसले आहे यावरच पुढचे सारे अवलंबून का असते, ते कळते. ते तंतुकणिकांवर, म्हणजे पेशीची ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांवर, साठले असेल तर त्यांच्या आवरणातून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर गळते, त्यामुळे कॅस्पेज नावाच्या विकरांची साखळी सुरू होते आणि पेशी ठरावीक क्रमाने स्वतःलाच मोडून टाकते. या क्रमबद्ध मरणाला अ‍ॅपॉप्टोसिस म्हणतात. उलट औषध बाहेरच्या पटलावरच राहिले आणि प्रकाशाची मात्रा जबर असली तर पटल फाटून पेशी सरळ फुटते.

ल्युकेमियाच्या पेशींवरील प्रयोग बहुधा दोन-तीन ठरावीक सेल लाइन्सवर होतात. सेल लाइन म्हणजे एखाद्या रुग्णाच्या पेशींपासून सुरू झालेली आणि प्रयोगशाळेत अखंड वाढवत नेलेली पेशींची वंशावळ. के-५६२ ही लाइन दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या अखेरच्या तीव्र अवस्थेतील एका स्त्रीच्या पेशींपासून निघाली आणि १९७५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. एचएल-६० ही तीव्र मायलॉइड ल्युकेमियाची लाइन १९७७ मधली. या लाइन्सचे भारतातील भांडार पुण्याच्या गणेशखिंड परिसरातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीसीएसमध्ये, असून देशभरच्या विद्यापीठांतील संशोधक तिथूनच पेशी मागवतात. ग्वाल्हेरच्या एखाद्या प्रयोगशाळेने असा प्रयोग करायचे ठरवले तर तिची पहिली मागणीही पुण्याकडेच जाईल.

या पेशी पात्राच्या तळाला न चिकटता द्रवात तरंगत वाढतात, कारण रक्तपेशींचा तोच स्वभाव. त्यांना वाढवण्यासाठी जे पोषक द्रव वापरतात त्याचे नाव आरपीएमआय-१६४०. यातील ‘आरपीएमआय’ ही अक्षरे डॉहर्टींच्या त्याच रॉसवेल पार्क संस्थेची आद्याक्षरे आहेत, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. या द्रवाचा रंग गुलाबी-लालसर दिसतो तो त्यात घातलेल्या फेनॉल रेड या निर्देशकामुळे. आम्लता वाढली की द्रव पिवळा पडतो आणि पेशींना ताजे अन्न हवे आहे हे नजरेनेच कळते, एवढ्यासाठी तो घालतात. प्रकाशाच्या प्रयोगात मात्र हाच रंग नडतो, कारण तो निळ्या-हिरव्या प्रकाशाचा काही भाग स्वतःच गिळतो. म्हणून प्रकाश टाकण्याआधी पेशी धुऊन रंगहीन द्रवात घ्याव्या लागतात. द्रवात मिसळलेल्या वासराच्या रक्तजलातील प्रथिनेही औषधाला धरून ठेवतात आणि सिंगलेट ऑक्सिजनला वाटेतच संपवतात. या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झालेला प्रयोग औषधाविषयी जे सांगतो ते खरे तर द्रवाविषयीचे असते.

मग छोट्या छोट्या ९६ खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या तबकडीत पेशी वाटतात आणि काही खळग्यांत औषध, काहींत नुसता प्रकाश, काहींत दोन्ही आणि काहींत काहीच नाही, अशी मांडणी करतात. औषध घातलेले पण अंधारात ठेवलेले खळगे यांत सर्वांत महत्त्वाचे असतात: तिथेही पेशी मरत असतील तर औषध मुळातच विषारी आहे आणि उजेडाला श्रेय देण्याचे कारण उरत नाही. प्रकाशाची मात्रा प्रति चौरस सेंटीमीटर ज्यूलमध्ये मोजतात. दर चौरस सेंटीमीटरला दहा मिलिवॅट शक्तीचा दिवा शंभर सेकंद लावला की एक ज्यूल होतो आणि तबकडीतील प्रयोगांत काही ज्यूल पुरतात. भर दुपारचे स्वच्छ ऊन सर्व तरंगलांबी मिळून याच्या सुमारे दहापट शक्तीचे असते. दुसऱ्या दिवशी खळग्यांत एमटीटी नावाचे पिवळे द्रव्य घालतात. जिवंत पेशींची विकरे त्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात आणि जांभळा रंग जितका फिका तितक्या पेशी कमी. ही चाचणी स्वस्त आणि सोपी असल्यामुळे अनेक निबंध तिच्यावरच थांबतात, मात्र रंग फिका पडला तो पेशी मेल्या म्हणून की नुसत्या वाढायच्या थांबल्या म्हणून, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी अ‍ॅपॉप्टोसिस सुरू झालेल्या पेशींच्या पटलावरच चिकटणारे अ‍ॅनेक्सिन-व्ही हे चमकते चिन्ह लावून एकेक पेशी लेझरच्या झोतातून मोजावी लागते. असे मोजमाप नसलेल्या निकालावर फारसे विसंबू नये.

चांगल्या रीतीने केलेल्या प्रयोगांतून मात्र काही महत्त्वाच्या गोष्टी कळल्या आहेत. एचएल-६० पेशींत पी-५३ हे जनुक नसते. पेशीच्या डीएनएला इजा झाली की तिला मरणाकडे वळवणारे हे पहारेकरी जनुक गेले की पुष्कळशा केमोथेरपीच्या औषधांना पेशी दाद देत नाहीत. प्रकाशोपचाराने मात्र या पेशीही मरतात, कारण सिंगलेट ऑक्सिजनचा घाव डीएनएच्या आधी थेट तंतुकणिकांवर पडू शकतो. पी-५३ त्यांत पुन्हा बसवले असता त्या अधिक हळव्या झाल्या, म्हणजे या जनुकाचा वाटा उरतोच. केमोथेरपीला निर्ढावलेल्या पेशींसाठी प्रकाशाचा विचार करावा असे संशोधकांना वाटत राहते, त्यामागचे कारण हे आहे.

यातील सर्वांत देखणी कल्पना बाहेरून रंग घालण्याऐवजी पेशीकडूनच तो बनवून घेण्याची आहे. रक्तातील हीम हे लाल द्रव्य शरीर अमायनोलेव्युलिनिक आम्ल, संक्षेपाने एएलए, या साध्या रेणूपासून टप्प्याटप्प्याने बनवते. शेवटच्या टप्प्यात प्रोटोपॉर्फिरीन-९ या रेणूच्या मध्यभागी लोहाचा अणू बसतो आणि हीम तयार होते. हीम पुरेसे झाले की एएलए बनणे आपोआप आवरते. बाहेरून एएलए भरपूर दिले तर हा आवर चुकतो, लोह बसवणारे विकर कमी पडते आणि प्रकाशाला संवेदी असलेले प्रोटोपॉर्फिरीन साचत जाते. कर्कपेशींत त्या विकराचे काम अनेकदा मंद असल्याने तिथे ते अधिकच साचते. इस्रायलमधील झ्वी मलिक आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८७ मध्ये उंदराच्या एरिथ्रोल्युकेमियाच्या, म्हणजे लाल पेशींच्या वंशातील कर्कपेशींच्या, बाबतीत नेमके हेच करून दाखवले. १९९० पासून एएलए त्वचेवरील कर्करोगांसाठी वापरात आले आणि १९९९ मध्ये अमेरिकेत उन्हाने त्वचेवर उठणाऱ्या कर्कपूर्व चट्ट्यांसाठी त्याला मान्यता मिळाली. ल्युकेमियाच्या पेशींत सिद्ध झालेली युक्ती त्वचेसाठी बाजारात आली आणि ल्युकेमियासाठी मात्र नाही, याचे कारण प्रकाशाच्या भौतिकीत आहे.

टॉर्चच्या काचेवर बोट दाबून धरले तर बोट लाल दिसते, कारण निळा आणि हिरवा प्रकाश हिमोग्लोबिन गिळून टाकते आणि सुमारे ६०० नॅनोमीटरच्या पुढचा लाल प्रकाश तेवढा पार होतो. हा लाल प्रकाशही ऊतीत काही मिलिमीटरच उपयोगी तीव्रतेने उतरतो. फोटोफ्रिनसाठी ६३० नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात तो यामुळेच. ल्युकेमियाच्या पेशी मात्र मणके, कमरेची हाडे, उरोस्थी, प्लीहा आणि वाहते रक्त अशा सर्व ठिकाणी असतात. प्रत्येक हाडात प्रकाशवाहक तंतू घालण्याची कल्पना कागदावरही टिकत नाही आणि घातला तरी अस्थिमज्जेतील ऑक्सिजनचे प्रमाण मुळातच कमी असल्याने तिसरा घटक अपुरा पडतो. त्यातही ज्या मूळपेशींपासून आजार पुन्हा उद्भवतो त्या अशा कमी ऑक्सिजनच्या कोपऱ्यांतच वस्ती करतात. काही पद्धती अपुऱ्या संशोधनामुळे मागे राहतात, तशी ही मागे राहिलेली नाही, एवढे इथे स्पष्ट म्हणायला हवे.

तेव्हा उजेड रक्तापर्यंत नेण्याऐवजी रक्तच उजेडात आणावे, हा मार्ग उरतो. १९८०च्या दशकात अमेरिकेत फ्रिट्झ सीबर यांनी मेरोसायनीन-५४० या रंगाचा असा उपयोग केला. ल्युकेमियाच्या पेशींच्या पटलातील मेदरेणूंची रचना अधिक सैल असल्याने हा रंग त्यांना निरोगी मूळपेशींपेक्षा जास्त धरतो. रुग्णाची मज्जा बाहेर काढायची, तिच्यात रंग मिसळून प्रकाश टाकायचा, त्याला जबर केमोथेरपी द्यायची आणि मग ती ‘धुतलेली’ मज्जा परत चढवायची, अशी ही योजना होती. भारतात पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले, तेव्हा मज्जा धुण्याचा हा विचार जगात नुकताच आकार घेत होता. परत चढवलेल्या मज्जेतील उरलेल्या कर्कपेशींतून आजार खरोखर उलटतो, हे माल्कम ब्रेनर यांच्या गटाने १९९३ मध्ये त्या पेशींवर जनुकीय खूण करून दाखवले, त्यामुळे धुण्यामागचा तर्क बळकट झाला. तरी पद्धत रुजली नाही. मज्जा कितीही धुतली तरी शरीरात राहून गेलेल्या कर्कपेशींना तिचा स्पर्श होत नाही, दात्याच्या मज्जेने होणारे प्रत्यारोपण अधिक परिणामकारक ठरत गेले आणि २००१ मध्ये आलेल्या इमॅटिनिबच्या रोजच्या गोळीने दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या बहुसंख्य रुग्णांना प्रत्यारोपणाची गरजच उरली नाही.

सोरालेनची शाखा इथेच पुढे सरकली. येल विद्यापीठातील रिचर्ड एडलसन यांनी १९८७ मध्ये त्वचेतील टी-पेशी लिम्फोमाच्या रुग्णांवर एक्स्ट्राकॉर्पोरियल फोटोफेरेसिस, म्हणजे शरीराबाहेरील रक्तप्रकाशोपचार, करून पाहिला. ३७ रुग्णांपैकी २७ जणांना त्याचा लाभ झाला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. या आजाराच्या सेझारी सिंड्रोम या रूपात कर्कपेशी रक्तात फिरतात, म्हणून त्याला ल्युकेमियाचा सख्खा शेजारी म्हणता येईल. रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून पांढऱ्या पेशींचा थर वेगळा करतात, त्यात मेथॉक्सीसोरालेन मिसळतात, पातळ पारदर्शक पत्र्यांमधून तो वाहवत त्याच्यावर अतिनील ‘अ’ किरण टाकतात आणि पेशी परत शिरेत सोडतात. एका बैठकीत शरीरातील एकूण टी-पेशींचा लहानसा हिस्साच प्रकाशाला सामोरा जातो, तरीही परिणाम सर्वांगात दिसतो. सर्वमान्य होत आलेले स्पष्टीकरण असे, की मरू घातलेल्या पेशी परत गेल्यावर प्रतिकारसंस्थेच्या ओळख पटवणाऱ्या पेशी त्यांना गिळतात आणि संस्थेला त्या कर्कपेशींची ओळख पटते किंवा ती संस्था शांत होते. मज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर आणि यकृतावर हल्ला करतात तेव्हाही हीच पद्धत कामी येते, आणि ल्युकेमियाच्या रुग्णाला प्रकाशोपचार भेटण्याची खरी शक्यता आज बहुधा याच टप्प्यावर असते. म्हणजे प्रकाशाने कर्कपेशी मारण्याच्या खटाटोपातून वैद्यकाला प्रतिकारशक्तीला वळण लावण्याचे साधन सापडले.

मध्य प्रदेशात प्रकाशोपचाराचे गंभीर काम झाले ते ग्वाल्हेरपेक्षा इंदूरला, होळकरांच्या सुखनिवास महालाच्या परिसरात १९८४ मध्ये पायाभरणी झालेल्या आणि पुढे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र हे नाव घेतलेल्या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेत. लेझर ही या केंद्राची मुख्य विद्या असल्याने तिथल्या जैववैद्यकीय गटाने क्लोरोफिलपासून बनवलेल्या क्लोरिन पी-६ या द्रव्याचा कर्कपेशींवर आणि हॅमस्टरच्या गालातील गाठींवर अभ्यास केला. लक्ष्य मुखकर्करोगाचे निवडले ते दोन कारणांनी योग्य होते: तंबाखूमुळे हा रोग भारतात फार आहे आणि तोंडात दिवा नेता येतो. ल्युकेमियात असे काही करण्याजोगे ठिकाण क्वचित सापडते, जसे काही रुग्णांच्या हिरड्यांत किंवा त्वचेत कर्कपेशी साचून उठणारे कठीण उंचवटे. पण ते उंचवटे मावळले तरी मूळ आजार मज्जेत तसाच राहतो.

फोटोफ्रिनसारखे औषध घेतलेल्या रुग्णाने किमान ३० दिवस थेट उन्हात आणि तीव्र दिव्याखाली जाऊ नये, अशी सूचना असते; रक्तप्रकाशोपचारानंतर ही मुदत एका दिवसावर येते आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा लावावा लागतो. ज्येष्ठात जिथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि घराच्या आतल्या खोलीतही झरोक्यातून लखलखीत उजेड शिरतो, त्या ग्वाल्हेरमध्ये तीस दिवस आणि एक दिवस या दोन मुदतींत मोठा फरक पडतो. त्यातही रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण बहुधा अशक्त असतो, त्याला वरचेवर तपासणीसाठी रुग्णालयात यावे लागते, आणि मुरैनाहून किंवा भिंडहून बसने येणाऱ्याला सावलीतूनच प्रवास करा असे सांगणे सोपे नाही. म्हणूनच नव्या द्रव्यांची तुलना करताना ती पेशी किती टक्के मारतात याबरोबर ती शरीरातून किती लवकर बाहेर पडतात, हा आकडाही पाहिला जातो. एएलएपासून बनलेले प्रोटोपॉर्फिरीन या बाबतीत दोनएक दिवसांत निघून जाते.